गणपतीच्या खोक्यातला फुटाणा

नेपरव्हिल
शुक्रवार, १८ जुलै २०२५

रेणू,

दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला तसंच वाटलं असेल, म्हणून आधी तेच सांगते. सगळे ठणठणीत आहेत. कागदावर लिहितेय कारण व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन उचलत नाहीस, आणि ही बातमी पोटात ठेवली तर मी फुटेन.

घरात बाळ आलंय. उंदराचं!

हसलीस ना? नसशील हसली. चार वर्षांनी थोरली जाऊ पत्र लिहिते आणि विषय काय, तर उंदीर! पण ऐक तर.

गॅरेजमध्ये उंदीर झालेत हे बासमतीच्या पोत्यामुळं कळलं. कोपरा कुरतडलेला आणि खाली तांदळाचा सडा. अरुणनं ट्रॅप लावला, त्यात शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा, तुझ्याच पद्धतीचा, गूळ जरा जास्त घातलेला. काल सकाळी बघितलं तर एक उंदरीण मरून पडलेली. ब्याद गेली, असं मी म्हटलं. हो, म्हटलं तसं.

आज सकाळी वरच्या फळीवरून गणपतीचं खोकं काढलं, मखराचे खांब धड आहेत का बघायला. खोक्यावर अजून तुझ्याच अक्षरात ‘बाप्पा. वर काही ठेवू नये’ असं लिहिलेलं आहे. उघडलं तर तुझ्या कापसाच्या वस्त्रांचा डबा आडवा पडलेला, आणि ती वस्त्रं पिंजून पिंजून केलेलं वाटीएवढं घरटं. कुंकवाचे ठिपके तसेच! आत पाच पिल्लं. चार गार पडलेली. पाचव्याला बोट लावलं आणि त्यानं पाय झाडला.

मी अशी किंचाळले की अरुण दाढीचा फेस तोंडावर घेऊन धावत आला. म्हणाला, “अगं, ज्याला मारायला निघालो त्यालाच वाचवायचं?” मी म्हटलं, गणपतीच्या खोक्यात गणपतीचं वाहन निघालंय, तू आधी गरम पाण्याची पिशवी आण.

जंगली प्राण्यांच्या संस्थेला फोन केला. ती बाई म्हणाली, घरातल्या उंदरांसाठी आमच्याकडे जागा नसते, निसर्गाला त्याचं काम करू द्या. निसर्गाचं काम कसलं, इथं तर आमच्या ट्रॅपनं काम केलं होतं! मग समोरच्या काळे मंडळींच्या प्रीताला बोलावलं. तू गेलीस तेव्हा ती कॉलेजात होती. आता जनावरांच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. तिनं ग्लोव्ह्ज घातले, मलाही घालायला लावले, आणि म्हणाली, “काकू, ही इज लाइक सिक्स डेज ओल्ड. चान्सेस आर नॉट ग्रेट, ओके?” ओके म्हटलं. वजन किचनच्या काट्यावर तीन ग्रॅम भरलं. दर दोन तासांनी पाजायचं आहे. तोपर्यंत तुझ्याच कापसात गुंडाळून बुटांच्या डब्यात ठेवलाय, आणि थोडं कोमट दूध गणपतीचे डोळे रेखायच्या बारीक ब्रशनं दिलंय. चाटलं त्यानं! ब्रशच्या टोकाला जीभ लागलेली मी चष्मा लावून बघितली.

आता खरं सांगते. मी मनात धरलंय की हा जगला तर तू यंदा गणपतीला येशील. सत्तावीस ऑगस्टला बुधवार आहे. चार वर्षं तुझ्यावाचून आरती होतेय आणि मला ‘घालीन लोटांगण’ला सूर सापडत नाही.

शैलजा


नेपरव्हिल
सोमवार, २१ जुलै

रेणू,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल किंवा नसेल, मिळूनही फाडलं असशील, तरी लिहितेय, कारण हे मी कोणाला सांगू? अरुणला सगळं माहीत आहे आणि बाकी कुणाला सांगितलं तर घरी इन्स्पेक्टर पाठवतील.

काल आम्ही मरता मरता वाचलो. आम्ही म्हणजे तो. मी गाईचं दूध देत होते ना, त्यानं पोट फुगलं. टाचणीच्या डोक्याएवढ्या जिवाचं पोट ढोलकीसारखं ताणलं, कातडीतून आतलं पांढरं दूध दिसायला लागलं. मी काय करावं? सहाण काढली! वेखंड उगाळलं, जायफळ उगाळलं, हळकुंडाचे दोन वेढे दिले. बाळाला पोटात कळ आली की बाळघुटी, दुसरं काय सुचणार? ब्रश बुडवला, एकदा चाटवला, दुसऱ्यांदा चाटवणार तोच प्रीता आली.

“काकू, नो! व्हॉट इज दॅट?”

मी म्हटलं, घुटी. तुझ्या आईनंही तुला दिली असेल.

“आय वॉज अ ह्यूमन बेबी, काकू!”

तिनं सहाण उचलून सरळ सिंकमध्ये ठेवली. दूध बंद करायला लावलं. मग नुसतं कोमट मीठ-साखरेचं पाणी, थेंब थेंब, आणि ओल्या बोळ्यानं बुडाला हळूहळू पुसत राहायचं, कारण एवढ्या लहान पिल्लाला आपलं आपण काही करताच येत नाही, ते काम आई चाटून करते. सकाळी नऊपासून मी पुसतेय, पुसतेय. अरुण मोबाइलचा टॉर्च धरून उभा. दुपारी सव्वाला शी झाली!

रेणू, मी ओट्यापाशी नाचले गं! एकसष्टाव्या वर्षी, उंदराच्या लेंडीवर! अरुणनं तर काट्याशेजारच्या वहीत वेळ लिहून ठेवली. आता प्रीतानं आणलेली कुत्र्याच्या पिल्लांची दूध पावडर चालू आहे. वजन पावणेचार ग्रॅम. पाठीवर करडी लव आली आहे. अरुण म्हणतो डोकं अगदी फुटाण्याएवढं आहे, म्हणून नावही फुटाणा पडलं. बारसं करायचं म्हणत होते, तर अरुण म्हणाला, आधी जगू दे.

तुला एक विचारायचं होतं. घुटीत वेखंडाचे वेढे किती असतात? माझ्या अक्षतला लहानपणी तूच द्यायचीस. मी समोर असायचे कधी? सहा दहाची ट्रेन पकडायची आणि संध्याकाळी सातला यायचं, तोवर त्याचं पोटही दुखून बरं झालेलं असायचं. मला एकाही गोष्टीचं प्रमाण माहीत नाही, हे काल सहाणेपाशी कळलं.

असो. फुटाणा उठलाय, जाते.

शैलजा


नेपरव्हिल
शुक्रवार, २५ जुलै

रेणू! रेणू! रेणू!

तुझं पत्र आलं! मी मेलबॉक्सपाशी स्लिपर्सवर उभी राहून वाचलं, पोस्टमन बघत होता, बघू दे. अरुणला वाचून दाखवलं, प्रीताला फोनवर वाचून दाखवलं, फुटाण्यालाही वाचून दाखवलं. चार ओळी आहेत, वर नाव नाही, खाली सही नाही, पण ‘ळ’ तुझाच.

“कापसात ठेवू नका. धागा पायाला आवळतो. जुनी बनियन फाडून घ्या. गाईचं दूध देऊ नका.”

किती तुझ्यासारखं! आणि किती बरोबर! कारण परवाच प्रीताला त्याच्या मागच्या पायाला खरंच धागा गुंडाळलेला दिसला होता, पाय निळसर झालेला. तिनं नखं कापायच्या छोट्या कात्रीनं सोडवला. आता तो अरुणच्या बनियनच्या तुकड्यांत झोपतो. तुला हे कुठून माहीत? अक्षतच्या बोटाला तसं झालं होतं का कधी? मला कोणी सांगितलंच नाही. म्हणजे तू सांगितलं नाहीस. म्हणजे मी विचारलं नाही.

‘नका’ लिहिलंस. ‘नकोस’ नाही. अजून मला वहिनीचा मान देतेस, हे मी दहा वेळा वाचलं.

पाच ग्रॅम झालाय! कान सुटे झालेत. डोळ्यांच्या फटी दिसतात. प्रीता म्हणते दोन-तीन दिवसांत उघडतील. आणि नेमकं उद्या मला जायचंय! अक्षतच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, डब्लिनला, ओहायोतल्या. सहा तास ड्राइव्ह. फुटाण्याला नेते म्हणाले तर अरुण म्हणाला, “वास्तुशांतीला उंदीर घेऊन जाणारी तू पहिलीच.” मग प्रीताकडे ठेवतेय. दोनच दिवस. तिला पाच पानांच्या सूचना लिहून दिल्यात. तिनं शांतपणे घडी करून खिशात ठेवल्या. मला ते बरं वाटलं नाही.

तू येणार आहेस का वास्तुशांतीला? अक्षत काही नीट सांगत नाही. मी तुझ्या आवडीचे डिंकाचे लाडू घेतलेत. उन्हाळ्यात डिंकाचे लाडू, हस तू खुशाल.

तुझी वहिनी


नेपरव्हिल
मंगळवार, २९ जुलै

रेणू,

तू आली नव्हतीस. अक्षत म्हणाला, “काकू दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेली, आई. शी वॉन्टेड टु कम व्हेन इट वॉज क्वाएट.” क्वाएट म्हणजे मी नसताना, एवढं इंग्रजी मला येतं. त्याच्या हॉलमध्ये एकच जुना फोटो लावलाय. तू त्याला कडेवर घेतलंयस आणि त्याच्या तोंडाला वरण लागलंय. मी फोटोखाली बसून जेवले.

रविवारी दुपारी, अजून प्रसाद वाटत होते, तर प्रीताचा व्हिडिओ आला. फुटाण्याचा उजवा डोळा उघडला होता. काळा, ओला, चमकणारा. मग डावा. मागून प्रीता ओरडतेय, “ओ माय गॉड, हाय! हाय, फुटाणा!” सगळ्यांनी बघितलं, टाळ्या वाजवल्या, सूनबाईनं तर तो पुन्हा लावला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. आठ दिवस मी पाजलं, पुसलं, उबेत ठेवलं, आणि डोळे उघडून त्यानं पहिल्यांदा बघितलं कोणाला?

घरी आल्या आल्या, बॅगा गाडीतच ठेवून, समोर गेले. फुटाणा प्रीताच्या बाहीतून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर, नुसता टणाटण. मी हात पुढं केला तर पळून तिच्या केसांत लपला. माझ्या हाताला वास्तुशांतीच्या धुपाचा वास येत होता, दुसरं काही नाही, आता कळतंय मला. पण तेव्हा कळलं नाही. मी तिच्या आईसमोर म्हटलं, “थँक्स फॉर बेबीसिटिंग, प्रीता. आता दे इकडे.”

तिचा चेहरा पडला. पोरगी पहाटे उठून पाजत होती गं. तिनं डबा माझ्या हातात दिला.

रस्ता ओलांडता ओलांडता तो शब्द मला परत ऐकू आला. माझ्या तोंडून तो आयुष्यात दुसऱ्यांदा गेला होता.

मी गेली चार वर्षं सगळ्यांना सांगतेय की अक्षतच्या लग्नात ‘काहीतरी बोलणं झालं’. काहीतरी नाही झालं. देवक बसवताना अक्षतनं तुझा हात धरून पाटाकडे आणलं, म्हणाला, “काकूपण बसेल आमच्याबरोबर.” गुरुजीसुद्धा हसून सरकले. आणि मी शालू सावरत, दीडशे माणसांसमोर म्हटलं, “बेबीसिटरला देवकाला बसवत नाहीत.”

तुझ्या पोटी मूल नाही हे मला माहीत होतं. किती डॉक्टर झाले तेही माहीत होतं, कारण निम्म्या वेळा मीच गाडी चालवत होते. माहीत असून म्हटलं. तू हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलंस आणि रवीभाऊजींना म्हणालीस, “चला.” नंतर तीन महिन्यांत तुम्ही फ्रिस्कोला गेलात. लोकांना मी सांगते, रवीभाऊजींची नोकरी बदलली.

एका उंदराच्या पिल्लावरून मला मत्सर झाला, रेणू. एका उंदराच्या! मग तेव्हा, माझंच मूल दारात मला बघून तुझ्या पदरामागं लपायचं तेव्हा, माझं काय होत असेल, सांग. पण तो माझा हिशेब झाला. तुझा मी कधी मांडलाच नाही.

प्रीताला आज सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “इट्स ओके, काकू. ही स्मेल्ड द धूप.” तुला सॉरी म्हणायला सहा वेळा पान उलटलं. सॉरी हा शब्दच छोटा आहे. मी चुकले. मी वाईट वागले. तू त्याची आई होतीस, मीही होते, आणि पाटावर तीन माणसं आरामात बसली असती.

शैलजा


नेपरव्हिल
मंगळवार, १२ ऑगस्ट

रेणू,

उत्तर नाही. असू दे. मी तरी चार वर्षं कुठं दिलं?

फुटाणा बारा ग्रॅम आहे! दूध सुटलं. बाजरी, ओट्स, काकडीचा तुकडा, आणि काल एक शेंगदाणा दोन्ही हातांत धरून असा खाल्ला की अरुण खुर्ची ओढून समोर बसला, मॅच बघायला बसतो तसा. त्याला मोठं काचेचं घर केलंय. चाकावर पळतो, उड्या मारतो, स्वतःच्याच शेपटीला दचकतो. प्रीतानं बजावलंय की आता हात लावायचा नाही, बोलायचं नाही, लाडात घ्यायचं नाही. माणसांची सवय राहिली तर बाहेर पहिल्याच मांजराला नमस्कार करायला जाईल. दहा दिवस मी त्याच्या घराला टॉवेल घालून ठेवते आणि फक्त वाटी सरकवते. फार जड जातं. काल गप्प बसवेना म्हणून गॅरेजमध्ये जाऊन बोलून आले.

अरुणला माझ्या पहिल्या पत्राची प्रत सापडली. मी प्रती ठेवते, तुला माहीत आहे, ऑफिसची खोड. वाचून म्हणाला, “ट्रॅप मी लावला? मी तर तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे होतो!” बरोबर आहे त्याचं. ट्रॅप मी लावला. लाडवाचा तुकडा मी खोचला, स्प्रिंग मी ओढली. अरुण म्हणाला होता, थांब, जिवंत पकडायचा पिंजरा आणू. मला घाई होती. तुला लिहिताना त्याचं नाव घातलं, कारण एवढ्या वर्षांनी पहिल्याच पत्रात मला तुझ्यासमोर बरं दिसायचं होतं. आई मारली मी आणि पिल्लू वाढवल्याचं कौतुकही मीच करून घेतलं! ही माझी जुनीच कला.

शनिवारी, तेवीसला, सोडायचा. अंगणाच्या टोकाला, ओढ्याजवळच्या शेडखाली अरुणनं लाकडी पेटी बसवली आहे.

वहिनी


नेपरव्हिल
शनिवार, २३ ऑगस्ट

रेणू,

सोडला! चावून गेला!

सांगते ना. सकाळी प्रीता आली, अरुणनं पेटीचं दार वर केलं, मी ग्लोव्ह घालून काचेच्या घरात हात घातला. फुटाण्यानं माझ्याकडे बघितलं, मिशा हलवल्या आणि कचकन अंगठा धरला. ग्लोव्ह होता म्हणून वाचले. प्रीता आनंदानं उड्या मारायला लागली, “येस! परफेक्ट! ही हेट्स यू, काकू!” पेटीत ठेवला तर क्षणभर नाक बाहेर काढून बसला. हवेत काहीतरी हुंगलं. आणि मग गवतात जी उडी मारली, ती फुटाण्याचीच. गवत हललं, ओढ्याकडे हललं, थांबलं. मी रडले, हसले, अरुणनं माझ्या पाठीवर थापटलं आणि स्वतःचं नाक पुसलं. महिनाभर पेटीत दाणे ठेवणार आहे. येईल तर येईल.

तर हा जगला. मी मनात धरलेलं तुला लिहून बसले होते की हा जगला तर तू येशील. ते मी परत घेते. त्याच्या जगण्याची फेड तू का करावीस? बुधवारी तुझा पाट मांडलेला असेल. आलीस तर माझा जीव भांड्यात पडेल. नाही आलीस तरी पाट उचलणार नाही.

यंदा वस्त्रं मीच केली. कापूस ओढला की तुटतो, मण्यांच्या जागी गाठी होतात, कुंकू पसरतं. बाप्पा हसेल, हसू दे.

पण रेणू, एक गोष्ट उरली आहे. मी ती जवळजवळ तीस वर्षं गिळून बसले आहे.

अक्षतच्या बेबी बुकात माझ्या अक्षरात लिहिलंय: ‘पहिलं पाऊल, शनिवार, ११ नोव्हेंबर १९९५. आईनं पाहिलं.’ त्या शनिवारी तू मला सोफ्यावर बसवलंस, हातात चहा दिलास, त्याला टेबलाशी उभं केलंस आणि ओरडलीस, “वहिनी, बघा, बघा, सोडला हात!” मी चहा सांडला. तो चालत आला, टेबलाला वळसा घातला, रिमोट उचलला आणि परत तुझ्याकडे गेला. पहिलं पाऊल टाकणारं मूल वळसा घालत नाही. आणि त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं, त्यावर वाळलेली हळद. तू म्हणालीस, रांगताना लागलं. रांगणाऱ्या मुलाचं डोकं टेबलाच्या काठापर्यंत पोचतं का गं?

मला त्याच दिवशी कळलं होतं. तो आधीच चालला होता, तू एकटीनं पाहिलं होतंस, टाळ्या वाजवायला घरात कोणी नव्हतं. आणि तू ते गिळून शनिवारपर्यंत थांबलीस, मला सुट्टी असते म्हणून. प्रीताला तो व्हिडिओ पाच मिनिटं दाबून ठेवता आला नाही. तू किती दिवस गप्प बसलीस? आणि मला कळलं होतं हे तुला कधीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते पाऊल तुझं झालं असतं.

बेबी बुक समोर उघडं आहे. ‘शनिवार’ खोडलाय. ‘आई’च्या पुढं ‘काकू’ लिहायचं ठरवलंय, पण वाराची जागा कोरी आहे. तो वार मला माहीत नाही, फक्त तुला माहीत आहे.

ये किंवा नको येऊस. एका ओळीचं कार्ड टाक, सही नको. फक्त सांग, रेणू, तो पहिल्यांदा चालला तेव्हा कोणता वार होता?

शैलजा